केफ्तेदेस
केफ्तेदेस : खिमा, भिजवलेला पाव, कांदा व सुगंधी पाला एकत्र मळून, पिठात घोळवून तळलेले गोळे, ग्रीसमधील एक सर्वपरिचित घरगुती पदार्थ. ग्रीक भाषेत एका गोळ्यास ‘केफ्तेस’ म्हणतात. ‘केफ्तेदेस’ हे त्याचे अनेकवचन होय. मद्याबरोबर तोंडी लावण्यासाठी केलेल्या सुपारीएवढ्या गोळ्यांना ‘केफ्तेदाक्या’ असे लघुत्वदर्शक नाव आहे. हा पदार्थ मेजवानीपेक्षा रोजच्या जेवणात, लहान मुलांच्या ताटात, सहलीच्या डब्यात आणि गावातील मद्यगृहात अधिक आढळतो. गरम खातात तसाच तो दुसऱ्या दिवशी थंडही आवडीने खाल्ला जातो.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. फार्सीतील ‘कूफ्तन’ (कुटणे) या क्रियापदापासून ‘कूफ्ता’ (कुटलेले) हा शब्द बनला. तो पश्चिमेकडे तुर्की भाषेत ‘कोफ्ते’ व तेथून ग्रीकमध्ये ‘केफ्तेस’ झाला. पूर्वेकडे तोच भारतात ‘कोफ्ता’ म्हणून रूढ झाला. खिम्याचेही तसेच आहे. तुर्कीतील ‘कीमा’ (बारीक चिरलेले मांस) या शब्दापासून ग्रीक ‘किमास’ व मराठी ‘खिमा’ हे दोन्ही शब्द आले आहेत. अथेन्समधील खाटकाच्या दुकानात आणि पुण्यातील दुकानात ग्राहक एकच शब्द थोड्या फरकाने उच्चारतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाव परके असले, तरी कृतीचे मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरात त्याहून जुने आहे. एपिशियसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाकग्रंथाच्या दुसऱ्या भागात बारीक केलेल्या मांसाचे अनेक प्रकार दिलेले आहेत. त्यांतील एकात मांस, मद्यात भिजवलेला पांढऱ्या पावाचा गर, मिरी व माशांपासून केलेले खारट द्रव एकत्र वाटून त्यांचे गोळे करावेत व ते चरबीच्या पातळ जाळीत गुंडाळावेत, असे सांगितले आहे. यावरून आजचा केफ्तेस थेट त्या पदार्थापासून उतरला, असे सिद्ध होत नाही. तथापि मांसात भिजवलेला पाव मिसळण्याची युक्ती ऑटोमन सत्तेच्या कितीतरी आधीपासून या प्रदेशात माहीत होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते. विसाव्या शतकातील विख्यात ग्रीक पाकशास्त्रज्ञ नीकोलाओस त्सेलेमेंदेस (१८७८–१९५८) याने ग्रीक स्वयंपाकातील तुर्की वळण दूर करून त्यास फ्रेंच शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न केला. त्याच्या प्रभावाने ग्रीक स्वयंपाकघरात पांढरे फ्रेंच सॉस आले व मसाले मागे पडले. केफ्तेस हे नाव मात्र हलले नाही.

या नावात एक विसंगती आहे आणि ती ध्यानात घेतल्यास कृतीचे मर्म चटकन उमगते. ‘कुटलेले’ असा नावाचा अर्थ असला, तरी ग्रीक केफ्तेस कुटलेला नसतो. काश्मीरमधील गुश्ताबा करताना मांस व चरबी दगडावर लाकडी मोगरीने दीर्घकाळ कुटतात. त्यामुळे स्नायूंतील प्रथिने मोकळी होऊन परस्परांना चिकटतात आणि गोळा बाहेरच्या कोणत्याही पदार्थाच्या आधाराशिवाय एकसंध, किंचित लवचिक होतो. याउलट केफ्तेससाठी यंत्रातून काढलेला जाडसर खिमा घेतात व त्याचे कण सुटे राहावेत हीच अपेक्षा असते. त्यांना एकत्र बांधण्याचे व मऊ ठेवण्याचे काम पाव करतो. म्हणून केफ्तेस हा मांसाचा गोळा असण्यापेक्षा मांस व पाव यांचा गोळा आहे. पाव केवळ मांस वाढविण्यासाठी घातलेली भर आहे, असे समजून तो कमी करणारे अनेक जण कठीण व कोरडे गोळे पदरात पाडून घेतात. मांस महाग व घरात खाणारी तोंडे अधिक, अशा परिस्थितीत पावाची भर उपयोगी पडली हे खरे. परंतु मांस भरपूर उपलब्ध असलेल्या आजच्या काळातही ग्रीक गृहिणीने पाव सोडलेला नाही.

कृती : चार ते पाच माणसांसाठी सु. ५०० ग्रॅ. खिमा पुरतो. ग्रीसमध्ये तो बहुधा गाईचा अथवा गाय व डुक्कर यांचा मिश्र असतो, मेंढीचाही चालतो. खिम्यात १५ ते २० टक्के चरबी असावी. सु. १२० ग्रॅ. शिळ्या पावाच्या कडा काढून तो पाण्यात, दुधात किंवा थोड्या मद्यात भिजवतात व हाताने घट्ट पिळून कुसकरतात. ताजा पाव यासाठी चांगला नाही, कारण तो भिजल्यावर चिकट लगदा होतो. शिळा पाव पाणी धरूनही भुसभुशीत राहतो. एक मोठा कांदा किसणीवर किसून घेतात. त्याला फार पाणी सुटल्यास थोडे पिळून काढावे, सर्व काढू नये. याशिवाय एक अंडे, लसणाच्या एकदोन पाकळ्या, बारीक चिरलेली मूठभर पार्सली, त्याच्या निम्मा चिरलेला पुदिना, चहाचा चमचाभर वाळवलेली ओरेगानोची पाने, सु. १० ग्रॅ. मीठ, मिरपूड, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल व एक मोठा चमचा तांबड्या द्राक्षमद्याचा शिरका एवढे साहित्य लागते. शिरक्याऐवजी काही जण बडीशेपेसारख्या वासाचे ‘ऊझो’ हे ग्रीक मद्य घालतात.

इतर मांसगोळ्यांपासून केफ्तेसचे वेगळेपण जाणवते ते मुख्यतः पुदिन्यामुळे. पार्सली व ओरेगानो कमीअधिक झाले तरी चालते. पुदिना वगळल्यास मात्र पदार्थाची ओळखच हरवते.

सर्व साहित्य परातीत घेऊन चारपाच मिनिटे हाताने मळतात. मळण्याचे प्रमाण हा येथील नाजूक भाग आहे. मिठामुळे मांसातील मायोसीन नावाचे प्रथिन विरघळून वर येते व मळल्याने ते जाळे तयार करते. थोडे जाळे गोळा फुटू नये म्हणून आवश्यक असते. फार झाले तर मिश्रण रबरासारखे होते. मिश्रण हाताला ओलसर लागावे, परंतु गोळा तळहातावर आकार धरून राहावा, ही योग्य खूण होय. मिश्रण सैल झाले तर पिठाची भर घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी ते झाकून एक तास शीतकपाटात ठेवावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. या अवधीत पाव उरलेला रस शोषून घेतो, चरबी घट्ट होते व पाल्याचा वास मुरतो. रात्रभर ठेवले तरी चालते.

नंतर हात ओले करून सु. ३० ग्रॅ. वजनाचे, साडेतीन सेंमी. व्यासाचे गोळे वळतात. वरील प्रमाणात ३० च्या आसपास गोळे होतात. काही घरांतून ते किंचित चपटे करण्याची पद्धत आहे. चपटा गोळा लवकर व सारखा शिजतो. गोळे मैद्यात घोळवून व जास्तीचे पीठ झटकून लगेच तळावेत. पीठ लावून ठेवून दिलेले गोळे ओलसर होतात व कढईला चिकटतात. कोरड्या पिठाचा थर पृष्ठभागावरील पाणी टिपून घेतो, त्यामुळे तेलात पडताच गोळ्यावर तांबूस कवच धरते. तेल १७० ते १८० से. पर्यंत तापलेले असावे. पावाचा तुकडा टाकल्यास तो लगेच फसफसून वर यावा, ही घरगुती परीक्षा पुरेशी आहे. गोळे निम्मे बुडतील इतके तेल घेऊन ते मधूनमधून फिरवीत सहा ते आठ मिनिटे तळतात. एकाच वेळी कढई भरून टाकल्यास तेल थंड पडते आणि गोळे तळले जाण्याऐवजी तेल पिऊन बसतात.

तळताना गोळ्यात काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. तापमान वाढले की मांसातील प्रथिने आकसतात व आतील पाणी बाहेर ढकलतात. केवळ मांसाच्या गोळ्यातून हे पाणी निघून जाते. केफ्तेसमध्ये भिजलेल्या पावातील स्टार्च ते धरून ठेवतो आणि मांसाच्या कणांमध्ये शिरून त्यांना परस्परांशी घट्ट जखडू देत नाही. अंडे साकळून सांगाडा पक्का होतो. शिरक्याने मांस मऊ होते असे सर्रास सांगितले जाते. पण चमचाभर शिरक्याचा खरा उपयोग तेलकट पदार्थाला किंचित आंबट धार देणे हाच असावा.

खिम्याच्या बाबतीत एक धोका विसरता येत नाही. अखंड मांसावरील जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात व आचेने नाहीसे होतात. खिमा करताना मात्र तेच जंतू आतपर्यंत मिसळतात. १९८२ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या चकत्यांतून रक्तयुक्त अतिसाराच्या साथी उद्भवल्या व त्यांतून एश्चेरिकिया कोलाय या जंतूचा ओ१५७ : एच७ हा घातक प्रकार उजेडात आला. या जंतूच्या संसर्गाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि केफ्तेदेस हे तर मुलांचे आवडते खाणे! म्हणून गोळ्याच्या मध्यभागी किमान ७१ से. तापमान गाठले गेले पाहिजे. कोंबडीच्या खिम्यासाठी ही मर्यादा ७४ से. आहे. आतील रंग हा भरवशाचा पुरावा नव्हे, कारण खिमा पुष्कळदा पुरेसा शिजण्याआधीच तपकिरी दिसू लागतो. मोठे गोळे वरून करपतात व आत कच्चे राहतात, हेही गोळे लहान ठेवण्याचे एक कारण आहे. मीठमसाल्याचा अंदाज घेण्यासाठी कच्चे मिश्रण जिभेवर ठेवण्याची सवय अनेक घरांतून आढळते. तसे न करता एक लहान गोळा आधी तळून चाखावा. तयार पदार्थ दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा.

प्रकार : तळण्याऐवजी २०० से. तापमानाच्या भट्टीत २० ते २५ मिनिटे भाजूनही केफ्तेदेस करतात. ते पचायला हलके, पण कवचाच्या बाबतीत उणे ठरतात. तांदूळ घालून वळलेल्या व उकळत्या रश्श्यात शिजवलेल्या गोळ्यांना ‘युवारलाक्या’ म्हणतात. त्यांवर अंडे व लिंबाचा रस फेटून केलेला ‘आव्गोलेमोनो’ हा सॉस घालतात. आशिया मायनरमधील स्मर्ना (सध्याचे इझमिर) शहराच्या नावाने ओळखले जाणारे ‘सुत्झुकाक्या’ लांबट असून त्यांत जिरे व लसूण सढळ हाताने घातलेले असतात आणि ते टोमॅटोच्या रश्श्यात मुरवतात. १९२२ मध्ये स्मर्ना शहर जळाले आणि १९२३ च्या करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. या उलथापालथीत सु. बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती निर्वासित ग्रीसमध्ये आले. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांच्या चुलीवरील जिऱ्याचा वास मूळच्या ग्रीकांना आरंभी परका वाटे. आज मात्र सुत्झुकाक्या देशभर होतात आणि त्यांच्या नावातील ‘स्मर्ना’ हा शब्द गमावलेल्या शहराची खूण म्हणून टिकून आहे.

ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपासकाळात, विशेषतः ईस्टरपूर्व मोठ्या उपासात, मांस, अंडी व दुधाचे पदार्थ वर्ज्य असतात. त्यामुळे मांसाविना केफ्तेदेसची एक समृद्ध परंपरा, मुख्यतः बेटांवर, निर्माण झाली. सँतोरीनी बेटावर कोरड्या ज्वालामुखीजन्य जमिनीत पावसाच्या तुटपुंज्या पाण्यावर पिकणाऱ्या लहान, गडद चवीच्या टोमॅटोंचे, सिफनोस बेटावर हरभऱ्याचे व कालिम्नोस बेटावर अष्टपाद या समुद्रजीवाचे केफ्तेदेस प्रसिद्ध आहेत. कोवळ्या झुकिनीचेही करतात, पण त्यांत बहुधा फेटा चीज असल्याने ते उपासाला चालत नाहीत. हरभऱ्याच्या प्रकाराची चव महाराष्ट्रीय माणसास आपल्या डाळवड्याची आठवण करून देईल. या सर्वांत मांसाचा अंशही नसताना त्यांना केफ्तेदेसच म्हणतात. तेव्हा ग्रीक माणसाच्या लेखी या शब्दाचा अर्थ ‘पाला घालून वळलेला व तळलेला गोळा’ एवढाच उरला आहे.

महाराष्ट्रातील घरी हा पदार्थ करताना मुख्य अडचण खिम्याची येते. आपल्याकडील बोकडाचा खिमा बहुधा कमी चरबीचा असतो. म्हणून खाटकाकडून थोडी चरबी त्यातच दळून घ्यावी किंवा तेल व पाव किंचित वाढवावा. खिमा दोनदा दळून घेतला तर बोकडाच्या मांसाचा चिवटपणा कमी होतो. शामी कबाबात घालतो तशी हरभऱ्याची डाळ किंवा बेसन येथे घालू नये, कारण त्याने गोळा घट्ट होतो व चव निराळ्या वळणावर जाते. नेहमीचा लादीपाव एक दिवस शिळा करून वापरल्यास उत्तम. बाजारातील पुदिना जसाच्या तसा चालतो. पार्सली न मिळाल्यास तेवढीच कोथिंबीर घालण्याचा मोह टाळावा, कारण तिच्या उग्र वासाने पुदिना दबतो. थोडी कांद्याची पात बरी. ओरेगानो हल्ली शहरांतून सहज मिळतो. तो नसेल तर मरव्याची पाने वाळवून घ्यावीत. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या मरवा त्याच ओरिगॅनम प्रजातीतील आहे व त्याचा वास अधिक सौम्य असतो. काकडी, लसूण व चक्का यांची ‘त्झात्झीकी’ ही कोशिंबीर, लिंबाची फोड, तळलेले बटाटे व पाव यांसह केफ्तेदेस वाढतात. आपल्याकडील दह्याची त्झात्झीकी करावयाची असल्यास दही चारपाच तास फडक्यात टांगून ठेवावे आणि काकडी किसून, मीठ लावून, पिळून घ्यावी.