गोड नाद, कडू नाद

तांबडा-पांढरा म्हटलं की कोल्हापूरकराच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यातले ‘ड’ आणि ‘ढ’ कर्कश आहेत, असं त्याच्या मनातही येत नाही. अकराव्या शतकातल्या काव्यशास्त्रकार मम्मटाने मात्र ‘काव्यप्रकाशा’त माधुर्यासाठी ट-वर्ग वर्ज्य मानला आणि त्याला ओजाच्या, म्हणजे जोशाच्या, वाट्याला दिलं.

नवी भाषा रचणाऱ्यालाही अशीच निवड करावी लागते. कादंबरीकार टोल्किन यांना फिनिश आणि वेल्शच्या नादाने वेड लावलं होतं. फिनिशच्या ओढीतून त्यांची क्वेन्या घडली, वेल्शच्या ओढीतून सिंदारिन. आपल्या कादंबरीतल्या खलनायक सॉरॉनची भाषा त्यांनी मुद्दाम खरखरीत ठेवली.

मार्क ओक्रँड यांची क्लिंगॉन आपल्यासाठी त्याहून रंजक आहे. १९८४च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी त्यांनी लढवय्या परग्रहवासीयांची ही भाषा बांधली. ती परकी वाटावी म्हणून जीभ टाळूकडे वळवून उच्चारायचा, म्हणजे मूर्धन्य, ‘ड’ घेतला, पण जोडीचा ‘ट’ तसा घेतला नाही. ‘ष’सुद्धा मूर्धन्यच. अमेरिकी कानाला हे उच्चार ओबडधोबड वाटतात. रंकाळ्यावर भडंग खाणाऱ्याला मात्र हा ‘ड’ अगदी घरचा!

‘बाहुबली’साठी (२०१५) मदन कार्की यांनी क्रूर कालकेयांची किलिकी रचली. तिच्यात जिभेने काढलेले टकटक आवाज आहेत. हळहळताना आपण ‘च्च च्च’ करतो, त्याच जातीचे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांमध्ये असे आवाज ही रोजच्या बोलण्यातली साधी व्यंजनं आहेत. आई बाळाशी बोलते, तेव्हाही ती येतातच.