आंबोळीचं पीठ थंडीत का फुगत नाही? ओट्यावरून रिसर्च क्वेश्चनपर्यंत

पेट देऊन मुलाखतीची तयारी करणाऱ्या बहुतेकांची अडचण एकच असते. "विषय आहे, पण रिसर्च क्वेश्चन कसा काढू?" विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आंबवलेले पदार्थ' हा विषय झाला. त्यावर आयुष्य घालवता येतं, पण तीन-चार वर्षांत थिसिस लिहून होत नाही. विषयापासून प्रश्नापर्यंतचा रस्ता कसा असतो, ते आज एका घरगुती उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

नांद्यात राहणाऱ्यांना हे उदाहरण लगेच पटेल. शेजारी लवळ्याचे कॅम्पस, पलीकडे हिंजवडी, त्यामुळे एकाच इमारतीत मालवणची आंबोळी, तामिळनाडूचा डोसा आणि केरळचा अप्पम शेजारीशेजारी होत असतो. आणि डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांची तक्रार सारखीच: "पीठच वर येत नाही." कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी. कोणी म्हणतं थंडी, कोणी म्हणतं मीठ आधी घातलं, कोणी बोअरच्या पाण्याला दोष देतं, कोणी इंद्रायणी तांदळाला, तर कोणी मिक्सर गरम झाला म्हणतं.

ही पाच कारणं म्हणजे पाच हायपोथिसिस. त्यातलं खरं कुठलं हे वाद घालून ठरत नाही.

आधी तुलना नीट मांडा

तांदळाचे तीन पातळ पदार्थ घ्या. घावन: तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, आंबवणं नाही, लगेच तव्यावर. आंबोळी: साधारण ३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, १ चमचा मेथी, भिजवून, वाटून रात्रभर ठेवायचं. अप्पम: कच्चा तांदूळ, ओलं खोबरं, थोडा शिजलेला भात आणि फुगवण्यासाठी ताडी किंवा यीस्ट; उडीद सहसा नाही. गोव्यातल्या सान्नांमध्येही पारंपरिक पद्धतीने सूर, म्हणजे माडाची ताडीच घालतात.

पोटात तिन्ही जातात, पण संशोधनाच्या नजरेने बघा. घावनात आंबवणं नाही, म्हणजे तो आपोआप कंट्रोल झाला का? नाही. कारण घावनात उडीदही नाही. घावन आणि आंबोळीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, त्यामुळे जाळी कशामुळे पडली ते सांगता येणार नाही. खरा कंट्रोल म्हणजे आंबोळीचंच पीठ, वाटल्या वाटल्या, न आंबवता तव्यावर घातलेलं. सिनॉप्सिसमध्ये 'पारंपरिक विरुद्ध आधुनिक' किंवा 'शहरी विरुद्ध ग्रामीण' अशी तुलना लिहिण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या दोन गटांमध्ये नेमक्या किती गोष्टी वेगळ्या आहेत?

आधी काय माहीत आहे?

डाळ-तांदळाचं पीठ फुगतं कारण त्यात जिवाणू वाढतात आणि वायू सोडतात. यावरचा एक गाजलेला पेपर १९६५ साली 'अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी' या नियतकालिकात आला. मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी इडलीच्या पिठातले सूक्ष्मजीव वेगळे केले, ओळखले आणि ते कुठल्या क्रमाने वाढतात ते पाहिलं. त्यांच्या मते पीठ आंबट होणं आणि फुगणं ही दोन्ही कामं प्रामुख्याने ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू करतो. हा जिवाणू साखरेपासून फक्त लॅक्टिक आम्ल बनवून थांबत नाही. सोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो. आम्लाने आंबटपणा येतो, वायूने पीठ वर येतं.

पण वायू तयार होणं वेगळं आणि तो पिठात अडकून राहणं वेगळं. इथे उडदाचं काम येतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेत १९७०च्या दशकात झालेल्या कामातून दिसलं की उडदातली प्रथिनं आणि अरॅबिनोगॅलॅक्टन नावाचा चिकट पदार्थ मिळून बुडबुडे धरून ठेवतात. उडीद वाटताना हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच. मेथीतला डिंकही त्याला हातभार लावतो.

आता पेपर वाचायची एक सवय लावून घ्या. १९६५च्या पेपरात एक ठाम दावा आहे: केवळ लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूने पीठ फुगवल्याची ही एकमेव ज्ञात नोंद. 'केवळ' आणि 'एकमेव' असे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा. नंतरच्या अनेक अभ्यासांत अशा पिठांतून यीस्टही मिळाले. मग यीस्टचं काम नक्की किती? पिठात सापडलं म्हणजे पीठ फुगवलं असं होतं का? एखादा जीव तिथे असणं आणि त्याने ते काम करणं यातली फट हीच संशोधनाची जागा असते. 'यावर फारसं काम झालेलं नाही' हे वाक्य म्हणजे गॅप नव्हे. 'अमुक इथपर्यंत सिद्ध आहे, तमुक इथून पुढे नाही' असं सांगता आलं तर तो गॅप.

पाच कारणांतून दोन निवडा

एका प्रयोगात पाचही कारणं तपासायला जाऊ नका. आपण तापमान आणि मीठ घेऊ. प्रश्न असा: 'पीठ वाटल्यावर लगेच मीठ घातल्याने फुगण्यावर फरक पडतो का, आणि तो फरक थंडीत आणि उबेत सारखाच असतो का?'

दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. समजा (आकडे निव्वळ उदाहरणाचे) उबेत मीठ घालून वा न घालून पीठ ४ सेंमी चढलं, पण थंडीत मीठ न घालता २ सेंमी आणि मीठ घालून जेमतेम अर्धा सेंमी. तर 'मिठाचा परिणाम होतो का?' याचं उत्तर हो किंवा नाही असं देताच येत नाही. ते तापमानावर अवलंबून आहे. यालाच इंटरअॅक्शन म्हणतात. तसं असेल तर मे महिन्यात मीठ घालणाऱ्या सासूबाई आणि जानेवारीत न घालणारी सून, दोघी बरोबर असू शकतात.

मांडणी सोपी आहे. सरळ कडांचे चार एकसारखे काचेचे ग्लास. दोन थंड, दोन उबदार. प्रत्येक जोडीत एकात मीठ, एकात नाही. उबेसाठी थर्माकोलचा खोका आणि गरम पाण्याची बाटली. थंडीतले ग्लास मात्र उघड्या ओट्यावर ठेवू नका. तेही तसल्याच खोक्यात ठेवा, सोबत साध्या पाण्याची बाटली. नाहीतर एक जोडी झाकलेली आणि दुसरी उघडी, हा तिसरा फरक गुपचूप आत शिरतो. दोन्ही खोक्यांत थर्मामीटर हवा, कारण 'उबदार' हे मोजमाप नाही. ३० अंशांच्या आसपास पीठ चांगलं येतं आणि पुण्यात थंडीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. आपल्याला नक्की किती फरक मिळाला ते लिहून ठेवायला हवं.

काय मोजणार आणि कधी?

ग्लासवर रबरबँड लावून सुरुवातीची पातळी धरा आणि दर दोन तासांनी उंची मोजा. रात्री सुरू केलंत तर मधले आकडे हातचे जातात, म्हणून पीठ सकाळी ७ वाजता लावा.

अनेकजण फक्त शेवटी एकदा मोजतात. यात धोका आहे. पीठ वर चढतं आणि जास्त वेळ गेला की खाली बसतं. बाराव्या तासाला उबेतलं पीठ बसलेलं आणि थंडीतलं चढत असलेलं सापडलं, तर 'थंडीत जास्त फुगतं' असा उलटा निष्कर्ष निघेल. म्हणून दोन गोष्टी नोंदवा: सर्वात जास्त उंची किती, आणि तिथे पोचायला किती वेळ लागला. शिक्षणशास्त्रात काम करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. वर्षाच्या शेवटी एकच चाचणी घेतली तर मधला सगळा चढउतार दिसत नाही.

शिवाय उंची म्हणजे 'चांगली आंबोळी' नव्हे. चांगली म्हणजे काय हे आधी ठरवा: ५ सेंमीच्या चौकोनात किती भोकं पडली? सामू, म्हणजे पीएच, किती उतरला? कडा सुटल्या का? तव्यावर घालायच्या पिठाचं माप आणि तवा दर वेळी तोच हवा.

चार ग्लास म्हणजे चार पुरावे नव्हेत

हा भाग दोनदा वाचा, कारण इथेच बऱ्याच जणांचे डेटा गोळा करण्यात गेलेले महिने वाया जातात.

एकदाच पीठ वाटलं आणि प्रत्येक प्रकारचे तीन-तीन असे बारा ग्लास भरले, तर प्रत्येक प्रकाराचे तीन रेप्लिकेट झाले का? झाले नाहीत. ते सगळे एकाच घाण्याचे आहेत. त्या दिवशी डाळ जुनी असेल, मिक्सर तापला असेल, तर बाराही ग्लासांवर त्याचा सारखाच परिणाम होणार. तुमच्याकडे एकाच घटनेची बारा छायाचित्रं आहेत. खरे रेप्लिकेट हवे असतील तर तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळं भिजवून, वेगळं वाटून, दर वेळी चार ग्लास लावा. ग्लास तेवढेच, बारा. पण आता तुमच्याकडे तीन स्वतंत्र पुनरावृत्ती आहेत. याच गफलतीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात.

हीच गोष्ट एका शाळेतल्या १२० मुलांची, एका गावातल्या ८० घरांची, एका उंदरिणीच्या सहा पिल्लांची. बाहेरचा परीक्षक व्हायव्हामध्ये "तुमचा एन किती?" असं विचारतो, तेव्हा तो ग्लास मोजत नसतो, घाणे मोजत असतो.

चव: सहापैकी चार जणांनी ओळखलं तर?

मीठ आधी घातलेल्या आणि नंतर घातलेल्या आंबोळीची चव वेगळी लागते का? तापमान सारखं ठेवा, शेवटी मिठाचं प्रमाणही सारखं करा, आणि ट्रँगल टेस्ट घ्या. प्रत्येकाला तीन तुकडे द्यायचे, दोन एकाच प्रकारचे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. तुकड्यांवर फक्त क्रमांक, क्रम चिठ्ठ्या टाकून, आणि वाढणाऱ्यालाही उत्तर माहीत नको.

निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. सहा जणांपैकी चौघांनी ओळखलं तर आपण लगेच खूश होतो. पण हिशोब करा: चव अजिबात वेगळी नसली तरी चार किंवा जास्त जणांचं उत्तर नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ७२९ पैकी ७३, म्हणजे १० टक्के. पाच किंवा जास्त असतील तर ७२९ पैकी १३, साधारण १.८ टक्के. किती जणांनी ओळखल्यावर 'फरक आहे' म्हणायचं, ते आंबोळ्या वाढण्याआधी वहीत लिहून ठेवा. नंतर ठरवलेली रेषा हवी तिथे सरकते.

सांबाऱ्याचंही तसंच

काळे वाटाणे १०-१२ तास भिजवूनही कडक राहतात, याचं एक कारण पाणी. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतात, म्हणून दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. आम्लानेही तेच होतं, म्हणून आमसूल वाटाणे शिजल्यावरच घालायचं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, एक उकळी आणि मग आमसूल, हा क्रम आजीने रसायनशास्त्र न शिकता बसवला. केरळच्या कडला करीतल्या काळ्या हरभऱ्यालाही पाण्याचा हा नियम लागू.

बोअरचं पाणी आणि फिल्टरचं पाणी अशी तुलना करायची असेल तर वाटाणे एकाच पिशवीतले घ्या. जुने कडधान्य कुठल्याही पाण्यात उशिराच शिजतं. आणि भिजवायचं पाणी व शिजवायचं पाणी हे दोन वेगळे व्हेरिएबल आहेत, हे विसरू नका.

निष्कर्ष कुठपर्यंत ताणायचा?

मुळशी-मावळात घरोघरी इंद्रायणी असतो. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला हा वाण १९८७ साली वडगाव मावळच्या केंद्रातून आला. त्याचा भात मऊ आणि चिकट होतो. तुमचा प्रयोग इंद्रायणीवर झाला असेल तर निष्कर्षही इंद्रायणीपुरता. उकड्या तांदळाबद्दल बोलायचं असेल तर प्रयोग पुन्हा करा. आणि जिवाणूंबद्दल तर काहीच म्हणू नका, कारण तुम्ही उंची मोजली आहे, जिवाणू मोजलेले नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा लागेल. शुद्ध कल्चर हवं असेल तर पाषाणला एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; पण तिथे जाण्याआधी प्रश्न तयार हवा.

आता तुमचा स्वतःचा विषय घ्या आणि पाच ओळी लिहा. एक: नेमकं काय विचारतोय? दोन: कुठपर्यंत माहीत आहे? तीन: काय मोजणार आणि कधी? चार: माझे घाणे किती? पाच: काय दिसलं तर मी म्हणेन की माझं म्हणणं चूक होतं? पाचवी ओळ रिकामी राहिली तर तुमच्याकडे अजून विषयच आहे. गाईडकडे जाण्याआधी ती भरा.

आणि प्रयोगाचं उरलेलं पीठ टाकू नका. फार आंबट झालं असेल तर कांदा, मिरची, कोथिंबीर घालून जाडसर घाला, वर झाकण ठेवा. त्याची जाळी मोजली नाहीत तरी चालेल.