चित्रकाराची मुद्रा: ड्यूररची अक्षरे, व्हिस्लरचे फुलपाखरू

स्वतःचे बोधचिन्ह करू पाहणारे चित्रकार, छायाचित्रकार किंवा सुलेखनकार बहुधा आपल्या हत्याराचेच चित्र काढून मोकळे होतात. कुंचला, कॅमेरा किंवा बोरू पाहून व्यवसाय कोणता ते कळते, पण त्या व्यवसायातील असंख्य माणसांपैकी हा नेमका कोण, ते कळत नाही. ज्या सवयीने माणूस रेषा ओढतो आणि कागदावरची जागा योजतो, ती सवय चिन्हात उतरली तरच त्याची शैली चिन्हात येते. आणि याचा सर्वांत ठसठशीत दाखला जर्मनीतील न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर (१४७१–१५२८) याचा आहे.

ड्यूररचे चिन्ह हा मोनोग्राम, म्हणजे नावाची आद्याक्षरे एकत्र बांधून केलेली खूण आहे: सपाट माथ्याचा, पाय फाकलेला ‘ए’ आणि त्याच्या आडव्या दांडीखाली, दोन पायांच्या मधोमध बसवलेला ‘डी’. ड्यूररचे वडील सोनार होते व त्याचे पहिले शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. घडवलेल्या जिनसेवर खूण ठोकण्याची सोनारांची रीत त्याला लहानपणापासून परिचित असणार. छापील चित्रावर आद्याक्षरे घालणारा तो पहिला नव्हे, कारण मार्टिन शोनगाउअर हा दुसरा सोनारपुत्र त्याच्याआधीच ते करीत होता. मात्र दोन अक्षरांची वास्तू ड्यूररने उभारली. १४९५ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या एका चित्रात त्याचा ‘डी’ अजून गॉथिक वळणाचा व लहान आहे, पण १४९८ च्या ‘अपोकॅलिप्स’ या मालिकेतील लाकडी ठशांच्या चित्रांपर्यंत चिन्हाचे रूप स्थिरावलेले दिसते. पुढे १५२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमितीवरील ग्रंथात त्याने रोमन अक्षरे कंपास व पट्टीने कशी रचावीत हे दाखवले. मानवी देहाची प्रमाणेही मोजून ठरवू पाहणाऱ्या या कलावंताचे चिन्ह इतके तोलून बांधलेले असावे, यात नवल नाही.

ठशावर कोरलेली आकृती कागदावर उलटी उमटते, म्हणून अक्षर ठशावर उलटे कोरावे लागते. ‘ए’ला त्याने फरक पडत नाही, ‘डी’ला पडतो. बोकडावर उलट्या तोंडाने बसलेल्या चेटकिणीच्या चित्रात ड्यूररचा ‘डी’ उलटाच छापला गेला आहे, आणि विषयच उफराट्या जगाचा असल्यामुळे तो मुद्दाम तसा ठेवला असावा, असे काही अभ्यासक मानतात. चिन्ह चित्रात कोठे ठेवावे याचाही त्याने बारकाईने विचार केला: १५०४ च्या ‘अ‍ॅडम आणि ईव्ह’मध्ये ते फांदीला टांगलेल्या पाटीवर आहे, तर १५१४ च्या संत जेरोमच्या चित्रात ती पाटी खोलीच्या जमिनीवर पडलेली असून खोलीच्या दृश्यखोलीचे नियम तिलाही लागू होतात.

या चिन्हाचे बाजारमूल्य नकलाकारांनीही ओळखले. मार्कान्तोनिओ राइमोंदी या इटालियन कोरीवकाराने ड्यूररच्या चित्रांच्या नकला करताना चिन्हही उचलले, आणि १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेने खोटे चिन्ह घातलेली चित्रे विकणाऱ्या एका परक्या विक्रेत्याला ती चिन्हे काढून टाकण्याचा, अन्यथा माल जप्त करण्याचा, आदेश दिला. नकलेला मनाई नव्हती, मनाई चिन्हाला होती. आजच्या व्यापारचिन्हाच्या कायद्यामागील कल्पना येथे बीजरूपाने दिसते.

लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार जेम्स व्हिस्लर (१८३४–१९०३) याने नेमकी उलटी वाट धरली. जपानी चित्रांच्या प्रभावाखाली त्याने आपली आद्याक्षरे हळूहळू फुलपाखरात विरघळवली. ते कधी एकसारखे राहिले नाही, आणि चित्रात जेथे रंगाचा एक ठिपका हवा तेथेच ते बसे, म्हणजे सहीने रचनेचा तोल सांभाळला. पुढे या फुलपाखराला नांगीही फुटली, आणि टीकाकारांशी झालेल्या वादांचे त्याचे १८९० चे पुस्तक अशाच निरनिराळ्या आविर्भावांच्या फुलपाखरांनी भरलेले आहे. रूप बदलत असूनही ते ओळखू येते, कारण हाताची लकब बदलत नाही. तरीही असे चंचल चिन्ह पेलायला व्हिस्लरइतकाच आत्मविश्वास लागतो, हे मान्य केले पाहिजे.

देवनागरीत हा प्रश्न वेगळा होतो. ‘पु. ल.’, ‘गदिमा’ अशा आद्याक्षरांनी माणसे ओळखण्याची सवय मराठी वाचकाला आहेच. परंतु रोमन अक्षरे सुटी असतात व त्यांना एकत्र बांधणे हेच रचनाकाराचे काम असते, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेने आधीच बांधलेली असतात आणि ‘म’ व ‘न’ ही आद्याक्षरे एका रेषेखाली येताच त्यांचा ‘मन’ होतो. हा अर्थ नको असेल तर रेषा मध्ये तोडणे, अक्षरे एकाखाली एक रचणे किंवा एकाचा उभा दंड दुसऱ्याला वापरू देणे, असे मार्ग उरतात. हवा असेल तर रचनाकाराला काहीच करावे लागत नाही, आणि तेव्हा सारा भार अक्षराच्या वळणावर येतो.