उचललेला हौदा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे तालुके वसलेले आहेत. मुंबई-आग्रा मार्ग शहापूर तालुक्यातून कसारा घाटाकडे चढत जातो, तर कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाडवरून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातूनच गेला आहे. रस्ते आणि इमारती बांधावयाच्या म्हणजे खडी, मुरूम व माती यांची ने-आण आलीच. हे काम डंपर नावाची मालमोटार करते.

पूर्वी मालमोटारीतील खडी उतरविण्यास मजुरांना फावडी घेऊन घटका-घटका खपावे लागे. डंपरने हे कष्ट वाचविले. त्याचा हौदा मागील बाजूस बिजागरीने जोडलेला असतो. चालकाने दांडा ओढला, की इंजिनाच्या शक्तीवर एक पंप चालू होतो. तो नळकांड्यात दाबाने तेल भरतो. त्या दाबामुळे नळकांड्यातील दट्ट्या बाहेर सरकतो आणि हौद्याचे पुढचे टोक वर उचलले जाते. माल घसरून मागे पडतो. तेल परत टाकीत सोडले, की हौदा सावकाश खाली बसतो.

जोपर्यंत गाडी उभी आहे, तोपर्यंत ही व्यवस्था मोठी सोयीची असते. धोका उत्पन्न होतो तो हौदा वर असतानाच गाडी चालू लागली म्हणजे. असे का घडते? पावसाळ्यात ओली माती हौद्याला चिकटते. ती झटकण्यासाठी चालक हौदा वर ठेवूनच गाडी पुढे-मागे हिसडतो. कधी पुढच्या खेपेची घाई असते. कधी पंपाचा खटका बंद करावयाचा राहतो आणि गाडी चालू असतानाच हौदा हळूहळू वर येतो. चालकाची नजर समोरच्या रस्त्यावर असते. हौदा असतो त्याच्या पाठीमागे. आपल्या डोक्यामागे काय उभे आहे, याची त्याला जाणीवही नसते.

आता थोडे गणित करून पाहू. हौद्याची लांबी ५ मीटर आहे आणि तो ५० अंशांच्या कोनात उचलला आहे, असे समजा. त्याचे पुढचे टोक सुमारे ३.८ मीटर वर जाईल. हौद्याचा तळ मुळातच जमिनीपासून दीड मीटर उंच असतो. त्यात पुढच्या फळीची उंची मिळविली, म्हणजे एकूण उंची ६ मीटरच्या घरात जाते. रस्ता ओलांडणारी ११,००० व्होल्टची तार जमिनीपासून निदान ६.१ मीटर उंच असावी, असा नियम आहे. जेथे रस्त्यावर भराव पडला असेल किंवा तार सैल होऊन लोंबत असेल, तेथे हे अंतर उरतच नाही. कल्याण-कसारा लोहमार्गावरील तारांतून तर २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो.

तारा, पूल आणि कमानी यांना असा हौदा सारखाच घातक ठरतो. कॅनडात ३१ जुलै २०१४ रोजी बर्लिंग्टन स्कायवे या उंच पुलाच्या लोखंडी सांगाड्यावर उचललेल्या हौद्याचा ट्रक आदळला. त्यामुळे टोरांटोकडे जाणारी वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. शिवाय हौदा वर असताना गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो. उतारावर किंवा पोचट जमिनीवर अशी गाडी सहज कलंडते.

हे टाळण्याचा उपाय कठीण नाही. माल सपाट व घट्ट जमिनीवर, वर तारा नाहीत असे पाहूनच उतरवावा. हौदा पूर्ण खाली बसल्यावर पंपाचा खटका बंद करावा, खाली उतरून एकवार मागे पाहावे आणि मगच गाडी हाकावी. हौदा वर असल्याची सूचना देणारा दिवा व भोंगा नादुरुस्त असेल, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय गाडी कामावर काढू नये. दुरुस्तीसाठी हौद्याखाली जावयाचे असल्यास त्याला आधी भक्कम टेकू द्यावा. केवळ तेलाच्या दाबावर विसंबू नये.

एवढ्यानेही तारेला स्पर्श झालाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे आणि इतरांना दूर राहण्यास ओरडून सांगावे. गाडीला आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून, गाडीला हात न लावता उडी मारावी व पाय जोडलेलेच ठेवून लहान उड्या मारीत दूर जावे. भोवतालच्या जमिनीतही विद्युत्प्रवाह पसरलेला असतो. दोन पावले दूर दूर पडली, तर तो शरीरातून वाहू शकतो. पाहणाऱ्यांनी जवळ न जाता वीज कार्यालयास कळवावे. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पडलेल्या तारेकडे कोणी फिरकू नये.

हौदा खाली घेण्यास एक-दोन मिनिटे पुरतात. तेवढा वेळ वाचविण्याच्या भरात चालकाचा, वाटसरूचा किंवा शाळेला निघालेल्या मुलाचा जीव जाऊ शकतो. यंत्र माणसाचे श्रम वाचविते. पण मागे वळून पाहण्याचे काम त्याने अद्याप माणसाकडेच ठेवले आहे.

स्वाध्याय
१. डंपरचा हौदा कशाच्या दाबाने वर उचलला जातो?
२. हौदा वर राहिल्याचे चालकाच्या ध्यानात का येत नाही?
३. गाडीचा तारेला स्पर्श झाल्यास चालकाने व पाहणाऱ्यांनी काय करावे, ते आपल्या शब्दांत लिहा.