बिबट्या, विदुर आणि डंबलडोर

ऊसतोड सुरू झाली की प्रवरेकाठच्या कोल्हार-भगवतीपूरच्या वस्त्यांवर संध्याकाळचं बोलणं बदलतं. फड मोकळे व्हायला लागतात, उसातला बिबट्या उघड्यावर येतो. कुणाची शेळी जाते, कुणाचं कुत्रं. क्लासवरून सायकलीने परतणाऱ्या नववी-दहावीच्या पोरांना यातलं किती सांगायचं, यावर घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, पोरांसमोर नको, रात्री दचकून उठतात. बाप म्हणतो, कळू दे, दिवस मावळायच्या आत घरी तरी येतील.

हॅरी पॉटरच्या २००३ साली आलेल्या पाचव्या भागात हाच वाद एका स्वयंपाकघरात झडतो. पंधरा वर्षांच्या हॅरीला शत्रूविषयी सांगून टाकावं, असं त्याचा धर्मपिता सिरियस म्हणतो. मित्राची आई, मिसेस वीझली, आडवी येते. बहुतेक वाचक इथे सिरियसच्या बाजूने असतात, पण बाईंचा एक टोला वर्मी लागतो. सिरियसला हॅरीमध्ये त्याचा मेलेला बाप, म्हणजे आपला जुना दोस्त दिसतो आहे, असं त्या सुनावतात. मोकळेपणाने सगळं सांगणारा मोठा माणूसही कधीकधी स्वतःचंच एकटेपण हलकं करत असतो.

तरी त्या कथेत घात होतो तो लपवण्यामुळेच. शत्रू आपल्याच जिवावर का उठला, हे हॅरीने अकराव्या वर्षी विचारलेलं असतं आणि शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोरने उत्तर पुढे ढकललेलं असतं. पाचव्या भागात तो हॅरीला मन बंद करायची विद्या शिकायला पाठवतो. मात्र जादूच्या मंत्रालयात काय जपून ठेवलंय आणि शत्रूला ते हॅरीच्याच हातून का हवंय, हे सांगत नाही. सिरियस संकटात असल्याचं खोटं दृश्य शत्रू हॅरीच्या मनात दाखवतो, पोरगा मंत्रालयाकडे धावत सुटतो आणि तिथल्या झटापटीत सिरियस मरतो. नंतर डंबलडोर कबूल करतो, की पोरावर जीव जडला म्हणून सांगणं टाळत गेलो. वाचताना मला त्याची दया येते आणि रागही येतो.

आपल्याकडे महाभारतात विदुराने धोका सांगायचं हे काम जास्त नीट केलं. पांडव वारणावताला निघाले तेव्हा त्याने युधिष्ठिराला इतरांना उमगणार नाही अशा बोलीत आगीची सूचना दिली आणि बिळात राहणारा वणव्यातून वाचतो, हेही सुचवलं. मागून भुयार खणायला माणूस धाडला. धोका आणि वाट एकदमच हाती दिली. सोळा वर्षांच्या अभिमन्यूच्या वाट्याला उलटं आलं. चक्रव्यूहातून बाहेर पडता येत नाही, हे त्याने स्वतः युधिष्ठिराला सांगितलं होतं. आम्ही मागोमाग येतो, या शब्दावर तो आत शिरला आणि जयद्रथाने बाकीच्यांना दारातच अडवलं.

बिबट्याबाबतही नुसतं ‘जपून जा’ म्हणून भागत नाही. त्याचा इथे वावर आहे, हे आधी मानावं लागतं. प्रवरेच्याच वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने कॅमेरे लावून पाहणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. मग पोरांना नेमकं सांगावं: अंधारात एकट्याने जाऊ नये, बॅटरी ठेवावी, मोबाईलवर गाणी लावावीत, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये, दिसलाच तर पळू नये. फडात बछडे सापडले तर सेल्फीसाठी उचलू नयेत. आई जवळपास असते. हे ऐकून पोरं घाबरतात, पण त्या भीतीला हातपाय असतात. ‘उसाकडे जाऊ नको, तिथे काहीतरी आहे’ एवढंच ऐकलेलं पोर मुद्दाम जाऊन बघतं. त्या वयात आपणही गेलो असतो.

तसंही लपवण्यासारखं फार उरलेलं नाही. शेजारच्या गावातला बिबट्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ घरात पहिल्यांदा पोरांच्याच मोबाईलवर येतो. महाभारतातही विदुर निघून गेल्यावर कुंतीला राहवेना. तो काय बोलला, हे तिला मुलालाच विचारावं लागलं आणि युधिष्ठिराने तिला समजावून सांगितलं.