रविवारचे एक पान

रविवारी सकाळी पुरवणी हातात आली की आपल्यापैकी बरेच जण आधी कुठले पान उघडतात, हे मी सांगायला नको. राशिभविष्य! ‘आमचा विश्वास नाही बुवा’ म्हणणारेही चहाच्या कपाआडून एक नजर टाकून घेतातच. अलीकडे त्याच्या शेजारी ‘या आठवड्याचे टॅरो कार्ड’ही दिसते. आज त्याविषयीच थोडे बोलणार आहे.

माझ्या घरात हे पत्ते आले ते मुलीबरोबर. ती पुण्यात नोकरीला असते. एका सुट्टीत तिने बॅगेतून टॅरोचा कॅट काढला आणि अम्मीच्या कपाळावर आठी पडली. ‘गैबची खबर फक्त अल्लाला. पत्त्यांना काय विचारतेस?’ मुलगी शांतपणे म्हणाली, ‘दादी, पुढं काय होणार ते मी विचारतच नाही. या आठवड्यात मी काय टाळतेय, एवढंच बघते.’ हे उत्तर ऐकले आणि मी चष्मा पुसून जवळ सरकलो.

टॅरो म्हणजे काही प्राचीन गूढ विद्या, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत चक्क खेळासाठी तयार झाले. कॅटात ७८ पाने. त्यातली ५६ आपल्या ओळखीच्या पत्त्यांसारखी, चार रंगांची. उरलेली २२ चित्रांची, त्यातली २१ कायमची हुकमाची आणि एक विदूषक. चार रंग होते पेले, नाणी, तलवारी आणि दांडकी. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात इजिप्तच्या ममलूक काळातला एक जुना कॅट आहे. त्यातही पेले, नाणी आणि तलवारी आहेत. चौथा रंग पोलो खेळण्याच्या काठ्यांचा. युरोपात तेव्हा पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून त्या काठ्यांची दांडकी झाली, असे अभ्यासक मानतात. हात बदलले की अर्थ बदलतो, तो असा.

भविष्याशी या पत्त्यांचे नाते जुळले ते फार नंतर. १७८१मध्ये कूर द जेबलाँ या फ्रेंच लेखकाने लिहिले, की टॅरो हे प्राचीन इजिप्तचे ज्ञान आहे. गंमत म्हणजे, इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती. ती उलगडायला १८२२ साल उजाडले. आज सर्वांत प्रचलित असलेला कॅट १९०९मध्ये लंडनला छापला गेला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. तिने साध्या आकड्यांच्या पानांवरही माणसे रंगवली. कुणी ओझे वाहतो आहे, कुणी रात्री अंथरुणात उठून बसले आहे. म्हणूनच रोजच्या जगण्याविषयी बोलायला ही पाने सोयीची पडतात.

मग ती ‘खरी’ कशी ठरतात? १९४८मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे स्वभाववर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. ते किती जुळते, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६! नंतर कळले, की सर्वांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. मोघम वाक्यात आपण आपलेच आयुष्य भरतो. पत्ता काही सांगत नाही, सांगतो आपण.

पण मला वाटले, हीच तर त्याची उपयोगाची बाजू! मुलीकडून शिकलेली रीत अशी. रविवारी एकच पान काढायचे. प्रश्न ‘होईल का?’ असा नको, ‘मला काय करता येईल?’ असा हवा. पुस्तकातला अर्थ पाहण्याआधी चित्र नीट बघायचे आणि मनात पहिल्यांदा जे आले ते वहीत दोन ओळींत लिहायचे. त्यातून शनिवारपर्यंत होण्यासारखे एकच काम ठरवायचे. पुढच्या रविवारी वही उघडून स्वतःला विचारायचे, केले का?

माझ्या हाती पहिल्याच रविवारी तलवारीची दुर्री आली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाई, छातीशी दोन तलवारींची फुली, मागे समुद्र आणि वर चंद्रकोर. मुलीने विचारले, ‘अब्बा, पट्टी कुणी बांधली असेल?’ मी गप्प राहिलो. वडिलांच्या पश्चात गावच्या घरावरून धाकट्या भावाशी माझे बोलणे तुटले होते. दोन ईदी तशाच गेल्या होत्या. वहीत मी एवढेच लिहिले : ‘फोन.’ तो करायला गुरुवार उजाडला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘भाईजान, तबियत ठीक आहे ना?’ घराचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता निदान आम्ही तो एकमेकांशी बोलून घालतो.

हे श्रेय पानाचे नाही. ७८पैकी दुसरे कुठलेही पान आले असते, तरी मला बहुधा भाऊच दिसला असता. माझ्या मनात तोच होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या एका नातेवाइकांना जिना चढताना धाप लागत होती. त्याच आठवड्यात सूर्याचे पान निघाले, आरोग्य उत्तम म्हणे! डॉक्टरांकडे जाणे त्यांनी पुढे ढकलले. थोडक्यात निभावले. म्हणून आजार, पैसा, कोर्टकचेरी आणि मुलांची लग्ने यांत पत्त्यांना मत नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि भीती घालून उतारा विकणाऱ्याच्या दारात तर पाऊलच टाकू नये.

मराठीत ‘पत्ता’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खेळातला, एक पाकिटावरचा. रविवारचे पान मला दुसऱ्या अर्थाने आवडते. जायचे कुठे आहे ते आपल्याला ठाऊकच असते. पत्ता फक्त समोर येतो. चालत आपल्यालाच जावे लागते.

अम्मीची आठी अजून गेलेली नाही. पण रविवारी चहा देताना ती आता विचारते, ‘मागच्या आठवड्याचं काम झालं का?’