विमानातील सुरक्षा-सूचना आणि विनोद : एक विवेचन

प्रस्तावना

विमान धावपट्टीकडे निघाले की केबिन कर्मचारी आसनांमधील वाटेत उभे राहून सीट बेल्ट, ऑक्सिजन मास्क, लाइफ जॅकेट आणि आपत्कालीन दारे यांविषयी सूचना देतात, किंवा त्याच सूचना पडद्यावर दाखविल्या जातात. या सूचना देणे विमान कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्या ऐकणे मात्र कोणावरही बंधनकारक करता आलेले नाही. सक्तीचा पाठ, ठरलेला मजकूर आणि मनाने अन्यत्र असलेला श्रोतृवर्ग ही परिस्थिती अध्यापकांस अपरिचित नाही. या उदासीनतेवर उपाय म्हणून काही विमान कंपन्यांनी विनोदाचा अवलंब केला. विनोदाने केवळ लक्ष वेधले जाते की सूचनाही ध्यानात राहते, या एका प्रश्नापुरता त्या प्रयोगाचा विचार येथे केला आहे.

दुर्लक्षाची किंमत

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे अपहृत विमान इंधन संपल्यामुळे कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरविण्यात आले. विमानातील १७५ जणांपैकी १२५ जण मरण पावले. त्यांत असे अनेक होते, की ज्यांनी लाइफ जॅकेट विमानाच्या आतच फुगविले होते. पाणी आत शिरताच फुगलेल्या जॅकेटमुळे ते छताकडे उचलले गेले आणि त्यांना खाली बुडी मारून दारापर्यंत पोहोचता आले नाही. ‘जॅकेट विमानाबाहेर पडतानाच फुगवावे’ हे वाक्य प्रत्येक सूचनेत असते. त्यामागील कारण मात्र क्वचितच सांगितले जाते.

१५ जानेवारी २००९ रोजी यूएस एअरवेजचे विमान न्यूयॉर्क येथे हडसन नदीत उतरले. त्यातील सर्व १५५ जण वाचले. तरीही पुढील चौकशीत असे आढळले, की बहुसंख्य प्रवाशांनी उड्डाणापूर्वीचे प्रात्यक्षिक पाहिलेच नव्हते आणि बाहेर पडताना लाइफ जॅकेट फार थोड्यांजवळ होते. जवळपासच्या बोटी काही मिनिटांतच तेथे पोहोचल्या, म्हणून ही उणीव जिवावर बेतली नाही.

सूचनेतला विनोद आणि सूचनेशेजारचा विनोद

१९७१ साली टेक्सासमध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या साउथवेस्ट एअरलाइन्सने आपल्या कर्मचाऱ्यांस सूचना स्वतःच्या ढंगात सांगण्याची मोकळीक दिली. आवश्यक मुद्दे गाळता येत नाहीत, परंतु त्यांच्याभोवती थट्टेला वाव असतो. या थट्टेतील एक प्रकार पुष्कळांच्या परिचयाचा आहे. ‘सोबत लहान मूल असेल, किंवा लहान मुलासारखे वागणारे मोठे माणूस असेल, तर प्रथम स्वतःचा मास्क लावा,’ अशा आशयाचे ते वाक्य असते. वरवर पाहता ही नवऱ्यांची चेष्टा आहे. पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. सुमारे ३५,००० फूट उंचीवर केबिनमधील हवेचा दाब नाहीसा झाल्यास मनुष्याची शुद्ध कार्यक्षम राहण्याचा अवधी साधारणतः अर्धा ते एक मिनिट इतकाच असतो. मुलाच्या मास्कशी झटापट करणारा पालक स्वतःच बेशुद्ध पडला, तर दोघेही संकटात सापडतात. ‘आधी मूल’ ही पालकाची सहजप्रवृत्ती असून सूचना नेमकी तिच्या विरुद्ध आहे. विनोद त्याच वळणावर येतो आणि हसणाऱ्याच्या मनात क्रम ठसतो.

याउलट एअर न्यूझीलंडचा २००९ मधील व्हिडिओ पाहावा. त्यात कर्मचाऱ्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, तर गणवेशाचे रंगकाम होते. २०१२ मध्ये याच कंपनीने ‘हॉबिट’च्या विश्वातील पात्रांकडून सूचना वदविल्या. हे व्हिडिओ जगभर पाहिले गेले, आणि जाहिरात म्हणून त्यांचे यश निर्विवाद आहे. परंतु पाहणाऱ्याची नजर रंगविलेल्या अंगावर असताना सीट बेल्टच्या बक्कलकडे किती जाणार? शिक्षणमानसशास्त्रात यास मोहक तपशिलांचा परिणाम म्हणतात. पाठाशी संबंध नसलेली आकर्षक गोष्ट लक्षात राहते व पाठ मागे पडतो. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शास्त्रीय व लोकनृत्यांच्या मुद्रांतून सूचना देणारा व्हिडिओ आणला. तो विनोदी नाही, देखणा आहे. तरीही हाच प्रश्न त्यालाही विचारावा लागतो.

या संदर्भात कॅपलान आणि पास्को यांचा १९७७ मधील प्रयोग उद्बोधक आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना गंभीर आणि विनोदी उदाहरणे असलेली व्याख्याने दाखविली. तत्काळ घेतलेल्या चाचणीत विनोदाचा लाभ दिसला नाही. सहा आठवड्यांनंतर मात्र ज्या संकल्पना विनोदी उदाहरणांतूनच स्पष्ट केल्या होत्या, त्या अधिक स्मरणात राहिल्याचे आढळले. अर्थात सहा आठवड्यांनी द्यावयाची परीक्षा आणि धूर भरलेल्या केबिनमधली परीक्षा यांत अंतर आहे, हे विसरता येत नाही.

पुनरावृत्ती आणि भाषा

प्राध्यापकास दरवर्षी नवा वर्ग मिळतो, त्यामुळे जुना विनोद खपून जातो. दर आठवड्यास प्रवास करणाऱ्यापुढे तोच व्हिडिओ दहाव्यांदा आला, की विनोद शिळा होतो व त्यासोबत सूचनाही. प्रसंग पाहून बोलणारी विमानसेविका येथे व्हिडिओपेक्षा सरस ठरते. दुसरी अडचण भाषेची. श्लेष परभाषिकास कळत नाही. भोवतालचे हसतात आणि त्याला केवळ एवढेच कळते, की जे चालले आहे ते गंभीर नसावे.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक विमानातील पाच जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण मात्र बाहेर पडले. या कंपनीचा सुरक्षा-व्हिडिओ अगदी साधा आहे. सामान घेऊन निघाल्यास काय ओढवते, हे त्यात चित्रांद्वारे दाखविले जाते. त्या व्हिडिओमुळेच सर्व वाचले, असे म्हणता येणार नाही. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा मोठाच भाग होता. केबिनमधील ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडल्याने त्यांनी मेगाफोनवरून आणि ओरडून आज्ञा दिल्या, आणि प्रवाशांनी बहुतेक सारे सामान आतच सोडले.